पार्कातल्या विंटर कार्निव्हलचा सेट, हातात ११ रात्री. कोणी केलंय का असं काम?

तिसरी_विंग
२४ नोव्हेंबर, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. इथे नुसताच वाचत असतो, आज पहिल्यांदा लिहितोय कारण फाटलीये. पुण्यात कॉलेजला असताना तीन वर्षं पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांना बॅकस्टेज केलं, भरत नाट्य मंदिरला मोजून दिलेल्या मिनिटांत सेट लावायचा आणि तितक्याच मिनिटांत विंगेत कोंबायचा ही सवय तिथली. नंतर तीन-चार मंडळांचे देखावे केले, सोसायट्यांची गॅदरिंगं केली, दोन कॉर्पोरेट पण झाले. काल एका एजन्सीकडून फोन आला की एका थीम पार्कात (नाव आणि दिशा दोन्ही विचारू नका) ख्रिसमस ते न्यू इयर विंटर कार्निव्हल आहे, आधीच्या व्हेंडरने हात वर केले, तू करतोस का. मी हो म्हणालो. आधी हो म्हणालो आणि मग विचार केला, नेहमीप्रमाणे.

काम असं आहे: २८ फुटी एंट्री गेट बर्फाच्या किल्ल्यासारखं, २४ फुटी झाड, ४० बाय २४ चं स्टेज, खाण्याच्या स्टॉलसाठी १४ झोपड्या, आणि एका राइडच्या रांगेत गुहा. वर ९ कॉस्च्युमवाली कॅरेक्टरं. २० डिसेंबरला सकाळी हँडओव्हर. पार्क दिवसा चालू राहणार, त्यामुळे आत काम फक्त रात्री, ९ ते १९ डिसेंबर, दहा ते सहा. म्हणजे ११ रात्री गुणिले ८, ८८ तास. माझ्याकडे गणपतीतली २२ पोरं आहेत, सगळी हाताने चांगली. ८८ तासात २२ जण म्हणजे आरामात होईल असं मला काल रात्री वाटत होतं आणि आज दुपारपासून वाटत नाहीये. ज्यांनी पार्कात काम केलंय त्यांनी सांगा, मी काय धरत नाहीये?


बोहरी_आळी_फॅन
२५ नोव्हेंबर, रात्री १२:१०

भावा पहिलं म्हणजे आधीच्या व्हेंडरने हात का वर केले ते विचार. 😄 बाकी जाणकार येतील.


धायरीचं_गोडाऊन
२५ नोव्हेंबर, पहाटे १:३५

मी २२ वर्षं सेट आणि फायबरचं काम करतो, त्यातली शेवटची आठ-नऊ पार्क, मॉल आणि असल्या कार्निव्हलांची. तुझा ८८ चा हिशोब वाचून हसू आलं, कारण माझा पहिला हिशोब अगदी हाच होता.

दहाला गेट उघडतं म्हणजे दहाला काम सुरू होत नाही. दहाला तुझा टेम्पो मागच्या गेटवर लायनीत उभा असतो. सिक्युरिटी यादी बघते, एकेकाचं आधार बघते, टेम्पोतला माल चलनाशी जुळवते, ग्राइंडर आणि गॅस सिलिंडरची वेगळी एंट्री. आत हाउसकीपिंगचं धुणं चालू असतं, ते संपेपर्यंत मेन रस्त्यावर गाडी सोडत नाहीत. सामान जागेवर पडायला सव्वाअकरा वाजतात. पहाटे पाचला हात थांबवायचा, कारण सहाला पत्र्याचा तुकडा पण दिसता कामा नये. मधे जेवण-चहा पाऊण तास, तो कापू नको, कापलास तर तीननंतर पोरं नुसती उभी असतात. म्हणजे राहिले पाच तास. वर तुझ्या ११ रात्रींत एक शनिवार-रविवार येणारच, डिसेंबरात त्या दिवशी पार्क उशिरापर्यंत चालतं, त्या दोन रात्री मिळाल्या तरी न मिळाल्यासारख्या. ९ रात्री गुणिले ५, झाले ४५. शेवटची रात्र कामाला धरायचीच नाही, ती तपासणीची आणि तालमीची. ४०.

आता ह्या ४० तासात पार्कात काय करायचं, तर फक्त जोडायचं. करवत नाही, लांबी भरणं नाही, पुट्टी नाही, कलर तर अजिबात नाही, टचअप सोडून. गेट आठ बाय चारच्या पॅनलमध्ये पाड, मागे फ्रेम, प्रत्येक पॅनलला मागून नंबर घाल, आणि आख्खं गेट आधी गोडाऊनच्या बाहेर उभं करून बघ. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा रात्री टॉर्चवर उभं करायला लाव पोरांना. फोटो काढ, खोल, त्याच क्रमाने उलटं टेम्पोत भर, म्हणजे शेवटी लागणारं पहिलं आत. तू बॅकस्टेजचा आहेस, तुला हे सांगायला नको, पण गणपतीवाल्या पोरांना ही सवय नसते. मंडपात माल आणून टाकायचा आणि तिथेच कापून बसवायचा ही आपली पद्धत. मंडळाचा देखावा तिसऱ्या दिवशीपर्यंत अर्धवट असला तरी लोक येतात, पडद्याला डोळा लावून बघतात आणि "काम चालूये" म्हणून पुढच्या मंडळाला जातात. इथे माणूस तिकीट काढून सकाळी साडेदहाला पोराला घेऊन उभा असतो.

मागच्या गेटची रुंदी-उंची स्वतः टेपने मोज, एजन्सीने पाठवलेल्या ड्रॉइंगवर जाऊ नको. मी एकदा ११ फुटी मशरूम केलं होतं, फायबरचं, एक नंबर फिनिश, आणि गेट निघालं दहाचं. रात्री दोन वाजता जिगसॉने माझ्याच हाताने त्याचे दोन भाग केले. तो जोड अजून डोळ्यासमोर येतो. तसंच हायड्रा क्रेन आत येईल असं धरू नको, पार्कातल्या फरसबंदीखाली केबल आणि पाइप असतात, जड गाडी घालू देत नाहीत. २४ फुटी झाड चेन ब्लॉकने किंवा लेअरची परांची बांधूनच वर जाणार. फरशीत ड्रिल मारायला पण बंदी असते, म्हणजे गेट धरून ठेवायला वजन पाहिजे. खाली पाण्याच्या टाक्या नाहीतर काँक्रीटचे ब्लॉक, बेसमध्ये लपवायचे. हे वजन कुणी गोडाऊनमध्ये धरतच नाही आणि मग ऐन रात्री वाळूची पोती शोधत फिरतात. २८ फूट उंचीला स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेट मागतीलच, आत्ताच कुणालातरी गाठ.

फायबरबद्दल एक. किल्ल्याचे बर्फाचे सुळके तू फायबरमध्ये करणार असशील तर उद्या सुरू कर. डिसेंबरच्या थंडीत रेझिन लवकर बसत नाही, मे महिन्यात तासाभरात निघणारा पीस रात्री ठेवला तर सकाळी चिकटच. मग पोरं हार्डनर वाढवतात, पीस तापतो आणि वाकतो नाहीतर तडकतो. दुपारच्या उन्हात लॅमिनेशन उरक. आणि कोबाल्ट (रेझिन लवकर बसावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत डायरेक्ट कधीही मिसळायचं नाही, दोन्ही वेगवेगळे रेझिनमध्ये जातात. डायरेक्ट मिसळलं तर स्फोट होतो, नवीन पोराच्या हातात दोन्ही बाटल्या एकदम देऊ नको. थर्माकोलचा विचार पण करू नको, सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे. ईपीई फोम आणि हनीकोंब बोर्डवर भागव.

आणि ते २८ फूट आधी २० कर. एजन्सी नाही म्हणेल, तरी विचार.


वायरमन_काका
२५ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

धायरीवाल्यांनी सुताराची बाजू सांगितली, माझी ऐक. लाइटवाल्याला अंधार लागतो आणि सुताराला उजेड, आणि दोघांना तीच रात्र दिलेली असते. शार्पी, पार, स्टेजचा वॉश, हे शोचे लाइट फोकस करायचे तर कामाचे हॅलोजन बंद पाहिजेत, आणि हॅलोजन बंद केले की पलीकडून शिव्या सुरू. मी किती भांडणं सोडवलीत ते विचारू नकोस. एक आख्खी रात्र लाइटला सोड, त्या रात्री सुतार आणायचेच नाहीत. म्हणजे तुझे ४० चे ३५ झाले.

साउंडचं तर त्याहून अवघड. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे, २००० सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम. राज्य सरकार वर्षातले काही दिवस बारापर्यंत सूट देतं, जास्तीत जास्त १५ दिवस, पण ती सणासुदीला असते, तुझ्या टेस्टिंगला नाही. आता बघ, तुला जागा मिळते दहा ते सहा. म्हणजे बरोब्बर ज्या आठ तासात स्पीकरमधून चूं काढता येत नाही तेच आठ तास तुला दिलेत. पार्कवाल्यांकडे लेखी मागून घे की शेवटचे दोन दिवस सकाळी सहा ते साडेसात साउंडचेकला द्या. डिसेंबरात सहाला अजून अंधारच असतो, म्हणजे तेवढ्या पाऊण तासात लाइट आणि साउंड एकत्र पण बघून होतं. हा पाऊण तास सोन्यासारखा आहे, त्यात एजन्सीच्या साहेबांचं फोटोशूट घुसू देऊ नको.

पॉवर राइडच्या पॅनलवरून घ्यायचा नाही, कुणी "घे रे तात्पुरता" म्हणालं तरी नाही. आपला जनसेट आणायचा, १२५ केव्हीए तुला पुरेल असं वाटतं पण एलईडी वॉल किती ते लिहिलं नाहीस. अर्थिंग आपलं वेगळं करायचं, प्रत्येक झोपडीला ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच. पहाटे चारनंतर दव पडतं, सगळे जॉइंट ओले होतात, आणि त्या १४ झोपड्यांत सकाळी मोमोवाला ओल्या हाताने इंडक्शन लावणार आहे. रस्ता ओलांडणारी प्रत्येक केबल रॅम्पखालून. आणि जनसेटचं डिझेल कोण बघणार त्याचं एकाच माणसाचं नाव ठरव, दोघांवर सोपवलंस तर पहाटे साडेतीनला बंद पडणार म्हणजे पडणार.

तापकीर गल्लीतून रोषणाईच्या माळा घेणार असशील तर लागतात त्याच्या सव्वापट घे. आणि घरी आणून सगळ्या रात्रभर लावून ठेव, ज्या मरायच्या त्या घरीच मरू देत.


तिसरी_विंग
२५ नोव्हेंबर, सकाळी ९:०४

काका, धायरीवाले दादा, दोघांनाही दंडवत. ८८ चे ३५ झाले आणि अजून मी चहा पण घेतला नाहीये. एलईडी वॉल १६ बाय ९ आहे. एक शंका, २२ पोरं रोज नेऊ का? रात्री काम करून दिवसा गोडाऊनला पण तीच लागणार आहेत.


कॉलशीट
२५ नोव्हेंबर, दुपारी २:४६

अजिबात नाही. तीच पोरं दिवसा आणि रात्री लावलीस तर चौथ्या रात्री कुणीतरी शिडीवरून पडेल, हे मी अंदाजाने नाही सांगत. मी प्रॉडक्शनला आहे, सेट मला कळत नाही, माणसं कळतात. बारा जण गोडाऊनला, दहा पार्काला, आणि मधल्या शनिवारी-रविवारी अदलाबदल. दहा कमी वाटतील, पण दादा म्हणतात तसं नुसतं जोडायचंच असेल तर दहा पुरतात, उलट २२ जण एकमेकांच्या पायात येतात.

आता कुणी विचारत नाही अशा गोष्टी. रात्री आत टॉयलेट कुठलं उघडं राहणार? पार्कवाले सगळी कुलपं लावून जातात. पाणी? कँटीन बंद असतं, जेवण बाहेरून येणार तर डबेवाल्याचा पण गेट पास लागतो, तो नसला की डबे गेटवर आणि पोरं आत. (आमच्या एका कामात मसालेभाताची पातेली कुंपणावरून घेतली होती.) गेट पासच्या यादीत दहा असतील तर चौदा नावं टाक, कारण दोघं आजारी पडणार आणि एकाच्या मावसभावाचं लग्न निघणार, आणि ऐनवेळी यादीत नाव घालायला जो माणूस लागतो तो सकाळी दहाला ऑफिसला येतो.

टीममध्ये मुली असतील, कॉस्च्युमला असतीलच, तर रात्री साडेनऊ ते सकाळी सात कामाला त्यांची लेखी संमती, सुरक्षा आणि घरापर्यंत गाडी ही तुझी जबाबदारी, राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आहे ते. एजन्सी म्हणेल "अॅडजस्ट करा", तू करू नको. मी सुरुवातीच्या वर्षांत पहाटे सहाला हायवेवर हात करून पुण्याला आलेली आहे, तेव्हा वाटायचं काम असंच असतं.

ड्रायव्हर. सगळे जण पोरांच्या झोपेची चर्चा करतात आणि टेम्पोचा ड्रायव्हर रात्रभर केबिनमध्ये मोबाइल बघत बसलेला असतो. सकाळी तोच तुझी दहा माणसं घेऊन निघतो. त्याला रात्री झोपायला पाठव, नाहीतर सकाळसाठी दुसरा ठेव.

सहा वाजता डोकी मोज. खरंच मोज, नावं घेऊन. आमच्याकडे एक पोरगा गुहेच्या पडद्यामागे कार्पेटच्या गुंडाळीवर झोपला, सगळे निघून गेले, सकाळी अकराला पब्लिक रांगेतून जाताना तो उठून बसला. त्या दिवशी गुहा जबरदस्त हिट झाली, पण पार्कने आम्हाला नोटीस दिली. आम्ही ज्या एजन्सीखाली होतो तिने तो दंड आमच्या बिलातून कापला, पोराच्या रोजातून मात्र मी कापू दिला नाही.

अप्रूव्हलचं: व्हॉट्सअॅपवर अंगठा आला म्हणजे अप्रूव्हल झालं असं समजू नको. रात्री एकला "निळा जरा कमी थंड वाटतोय का?" असा मेसेज येतो आणि सकाळी तो आदेश झालेला असतो. १ डिसेंबरनंतर बदल झाला तर जादा पैसे आणि जादा दिवस, हे मेलवर पाठव, उत्तर येईपर्यंत ॲडव्हान्सला हात लावू नको. ॲडव्हान्स आलाय ना? नसेल तर ह्या धाग्यावरचं बाकी सगळं नंतर वाच. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) असेल तर पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसात द्यावे लागतात आणि नाही दिले तर बँक रेटच्या तिप्पट व्याज महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. बिलाच्या खाली ते एका ओळीत लिहायचं, भांडायचं नाही, नुसतं लिहायचं.


सदाशिव३०
२५ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

आपल्याकडे प्लॅनिंग नावाचा प्रकारच नाही हे पुन्हा सिद्ध झालं. डिस्नेलँडमध्ये 'हाँटेड मॅन्शन'चा ख्रिसमसचा साज २००१ पासून दर वर्षी चढवतात आणि त्यासाठी राइड चक्क काही आठवडे बंद ठेवतात. फ्लोरिडात १९७१ ला मॅजिक किंगडम उघडलं तेव्हाच खाली कर्मचाऱ्यांसाठी बोगदे केलेले होते, म्हणजे पब्लिकला माणूसही दिसत नाही आणि कचराही. आपण अजून कुंपणावरून पातेली घेतोय.


धायरीचं_गोडाऊन
२५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१५

साहेब, त्याच डिस्नेलँडचं पहिलं पार्क सालाभरात उभं केलं होतं, १९५४ च्या जुलैत खणायला घेतलं आणि १७ जुलै १९५५ ला उघडलं. उद्घाटनाला डांबर ओलं, बायकांच्या टाचा रुतल्या. प्लंबरांचा संप झाला होता, म्हणून पिण्याच्या पाण्याचे नळ की संडास असा प्रश्न आला आणि त्यांनी संडास निवडले. एका ठिकाणी लावायला झाडंच उरली नव्हती तर रानात उगवलेल्या गवताला लॅटिन नावांच्या पाट्या लावल्या. हे ऐकलं तेव्हा मला आमच्याच धंद्यातला माणूस वाटला तो वॉल्ट डिस्ने. आणि ते बोगदे म्हणताय ते खणलेले नाहीत, तिथे पाणी वर आहे म्हणून जमिनीवर बांधले आणि त्यांच्यावर मातीचा भराव टाकून वर पार्क केलं. राइड बंद ठेवायचे आठवडे ह्या पोराला कोण देणार? प्लॅनिंग नाही म्हणताय, तो २४ नोव्हेंबरला रात्री बारा वाजता इथे बसून प्लॅनिंगच करत होता.


अस्वलाच्या_आतून
२५ नोव्हेंबर, रात्री ८:५५

९ कॅरेक्टरं म्हणालास आणि कुणी त्यावर बोललंच नाही, म्हणून लिहितोय. मी दोन सीझन ध्रुवीय अस्वल होतो. डिसेंबरात पण दुपारी आपल्याकडे तीस डिग्री असतं, आत किती होत असेल तू विचार कर. २० ते २५ मिनिटं बाहेर, मग तेवढाच वेळ डोकं काढून पंख्यासमोर, ओआरएस, कोरडा टी-शर्ट. प्रत्येकाला दोन टी-शर्ट नाही, सहा दे. बरोबर एक माणूस पाहिजेच, कारण मला तोंडाच्या जाळीतून फक्त समोरचं दिसतं, खाली तीन वर्षांचं पोरगं पायाला मिठी मारून उभंय हे कळत नाही. मागून शेपटी ओढणारे आणि पोटात बुक्की मारणारे दहावीचे हिरो वेगळेच. आम्ही खूण ठरवली होती, दोन्ही पंजे डोक्यावर म्हणजे चक्कर येतेय, लगेच आत ने. पब्लिकला वाटायचं अस्वल नाचतंय, ते पण टाळ्या वाजवायचे.

डोकं पब्लिकसमोर काढता येत नाही, त्यामुळे चेंजिंग रूम लांब असेल तर जायला-यायला दहा मिनिटं, म्हणजे पंचवीसचे पंधराच उरतात. तुझ्या १४ झोपड्यांतली एक मागच्या बाजूने उघडी ठेव आणि ती आम्हाला दे. ते बोगदे-बिगदे म्हणे कशासाठी, याच्यासाठीच ना? आपल्याला एक झोपडी पुरते.

रात्री कॉस्च्युम उलटे करून पंख्याखाली वाळवायचे, डोकं वेगळं. ओलं डोकं दुसऱ्या दिवशी घालायला लागणं काय असतं ते इथे लिहित नाही, लोक जेवत असतील.


सातचा_राऊंड
२६ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. एका पार्कात ऑपरेशन्सला होतो, आता सोडलंय. व्हेंडर लोकांना वाटतं आम्ही मुद्दाम अडवतो. अरे तुमच्यासारखीच आमची मेंटेनन्सची पोरं पण रात्रीच काम करतात, तोच रस्ता, तीच लिफ्टिंगची जागा. सकाळी प्रत्येक राइडची तपासणी होते, रिकामी फिरवतात, मगच सही होते. सही झाली नाही तर राइड उघडत नाही आणि मग साहेबांचा फोन मलाच येतो, तुला नाही.

राइडच्या रांगेत गुहा म्हणालास ना, ती गाडीपासून किती लांब आहे? राइडमध्ये बसलेल्या माणसाने हात-पाय पसरले तरी काही लागता कामा नये अशी मोकळी जागा ठरलेली असते, त्याचं ड्रॉइंग मेंटेनन्सकडे असतं, ते मागून घे. त्यात सुतळीचं एक टोक जरी आलं तरी आम्ही तोडणार. गुहेला कापड वापरलंस तर फायर रिटार्डंट मारलेलं, आणि बर्फ म्हणून कापूस पसरणार असशील तर नको, भसकन पेट घेतो. शिवाय वाऱ्याने उडून तलावाच्या फिल्टरमध्ये जातो, एक जानेवारीला आम्ही पंपातून बर्फ काढत बसलो होतो. फोमचा स्नो पण फरशीवर घसरतो, मशीनखाली मॅट आणि एक मॉपवाला धर. रांगेतली बाहेर पडायची वाट गुहेने अडवायची नाही, हे फायरवाले बघणारच.

आणि एक फार छोटी गोष्ट. निघताना चुंबकाचा झाडू फिरव, चाकं लावलेला मिळतो. खिळे, स्क्रू, स्टेपलरच्या पिना. एका पोराच्या चपलेतून आरपार गेलेली पिन मी बघितलीये. ज्या टीमकडे तो झाडू असायचा त्यांना मी गेटवर अर्धा तास आधी सोडायचो, नियमात नव्हतं तरी.


तिसरी_विंग
२७ नोव्हेंबर, रात्री १०:३८

अपडेट. काल एजन्सीत जाऊन बसलो, तुमच्या सगळ्या पोस्टी वहीत उतरवून. ॲडव्हान्स आला नव्हता, ताई. आज संध्याकाळी आला, ४० टक्के. गेट २८ चं २२ झालं, मी २० मागितलं होतं. गुहा रद्द, कारण मी ते ड्रॉइंग मागितलं आणि निघालं असं की तिथे गुहा बसतच नाही, गाडी आणि रेलिंगमध्ये जागाच नाहीये. आधीच्या व्हेंडरने हात का वर केले ते पण कळलं, गुहा बसत नाही हे त्याला जागेवर गेल्यावर दिसलं. बोहरी_आळी, तू बरोबर होतास.

सकाळी सहा ते साडेसात साउंडला १८ आणि १९ ला मिळाले, मेलवर. मागचं गेट स्वतः मोजलं: ड्रॉइंगमध्ये बारा फूट, टेपवर ११ फूट ४ इंच, आणि वर एक सीसीटीव्हीचा पाइप आडवा गेलाय तो कुणीच सांगितला नव्हता. एक झोपडी अस्वलांची. त्यावर एजन्सीवाल्या म्हणाल्या की मग स्टॉल १३ च होतील, भाड्याचं काय, मी म्हटलं अस्वल चक्कर येऊन पडलं तर काय. मग काही बोलल्या नाहीत.

दहा आणि बारा अशा बॅचा पाडल्या. दहामध्ये नाव नाही म्हणून दोघं रुसलेत, त्यांना वाटतंय रात्रीचं काम म्हणजे पार्क फुकट फिरायला मिळेल. काका, जनसेटच्या डिझेलला त्यातल्याच एकाचं नाव टाकलंय.

उद्या सकाळी आठला टिंबर मार्केटला जातोय, पट्ट्या आणि प्लाय घ्यायला. धायरी दादा, तिकडून परत येताना तुमच्या गोडाऊनला आलो तर चालेल का? तो मशरूमचा जोड बघायचाय.


धायरीचं_गोडाऊन
२७ नोव्हेंबर, रात्री ११:०२

ये. अकरानंतर ये, त्याआधी रेझिन चालू असतं. मशरूम नाहीये आता, पण पाण्याच्या सहा टाक्या पडल्यात, गेटच्या वजनाला घेऊन जा, जानेवारीत परत आण.